धुक्याला पाडलेले खिंडार

हिवाळा आला की दिल्लीचे धुके गोमंतकातही येऊन पोहोचते. मात्र ते रखडलेल्या विमानांच्या रूपाने. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान मुंबईला वळवावे लागले आणि कावलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर पंगत मांडून बसले, ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. अशा वेळी एक प्रश्न हटकून ऐकू येतो : विज्ञान एवढे पुढे गेले, मग सरकार हे धुके हटवीत का नाही?

धुके हटविता येते; हटलेले राहत नाही, ही खरी अडचण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळ टाकून पेट्रोल जाळले. हवा तापली, थेंब विरले आणि सुमारे अडीच हजार विमाने त्या उजेडात उतरली. पण मोठ्या तळावर तासाला १ लाख गॅलनपर्यंत पेट्रोल खर्ची पडे, आणि ज्वाळा विझताच धुके पुन्हा दाटे. दाटणारच! मोकळ्या केलेल्या जागेला भिंती थोड्याच असतात? ताशी पाच किलोमीटरची झुळूकदेखील दोन किलोमीटरचे खिंडार अर्ध्या तासाच्या आत शेजारच्या धुक्याने बुजवून टाकते. वारा पडला तरी सुटका नाही. जमीन रात्रभर उष्णता सोडीत राहते, तिच्यालगतची ओली हवा निवते आणि त्याच जागी नवे थेंब धरतात. कोरड्या बर्फाची फवारणी गोठणबिंदूखालच्या धुक्यावर लागू पडते; दिल्लीचे धुके बहुधा त्याहून उबदार असते, तेथे ही मात्रा चालत नाही.

तेव्हा धुक्याशी झुंजण्यापेक्षा त्यातून वाट काढणे शहाणपणाचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा अभ्यास चालविला, तो त्याचा अंदाज आधी बांधता यावा म्हणूनच. दिल्लीतील यंत्रणेच्या साह्याने ५० मीटर दृश्यतेतही विमान उतरू शकते. अट एवढीच, की विमान आणि वैमानिक दोन्ही त्यास पात्र हवेत. घोडे पेंड खाते ते येथेच. असे प्रशिक्षित वैमानिक न नेमल्याबद्दल जानेवारी २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन कंपन्यांना दंड केला होता. हा दोष निसर्गाच्या माथी कसा मारावा?

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दिल्लीच्या पहाटेच्या फेरीचे तिकीट विकतानाच, त्या फेरीवरील विमान व वैमानिक धुक्यात उतरण्यास पात्र आहेत की नाहीत, हे सांगण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे, अशी आमची सूचना आहे. गोव्याच्या खासदारांनी ती संसदेत मांडावी.