विश्लेषण : समोरचा माणूस आपला कोण लागतो?

निर्वासित, परप्रांतीय, शत्रुराष्ट्राचा नागरिक… यांच्याबाबत आपली जबाबदारी किती, हे बहुतेकदा ‘आपला की परका’ यावरून ठरते. फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास (१९०६-१९९५) यांनी हा क्रमच उलटा केला. पण त्यांच्या विचाराची कसोटी त्यांच्याच आयुष्यात लागली.

हा प्रश्न त्यांना का पडला?

लिथुआनियातील ज्यू कुटुंबात जन्मलेले लेव्हिनास शिक्षणासाठी फ्रान्सला गेले. १९२८-२९ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे ते हुसेर्ल आणि हायडेगर यांच्याकडे शिकले. हेच हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात दाखल झाले. महायुद्धात लेव्हिनास फ्रेंच सैनिक म्हणून पकडले गेले. युद्धकैदी ठरल्याने ते वाचले, मात्र लिथुआनियातील त्यांचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. एवढी मोठी ज्ञानपरंपरा माणसाला संहारापासून का रोखू शकली नाही, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

त्यांचे म्हणणे काय?

‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’ (१९६१) या ग्रंथात ते सांगतात की, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान दुसऱ्याला समजून घेण्याच्या नावाखाली त्याला आपल्या चौकटीत बसवत आले. समोरच्याचा ‘चेहरा’ मात्र कुठल्याच चौकटीत मावत नाही. चेहरा म्हणजे नाक-डोळे नव्हेत, तर ‘मला मारू नकोस’ ही त्या माणसाची मूक मागणी. ती जात, धर्म किंवा नागरिकत्व विचारण्याआधीच आपल्याला बांधून घेते. त्यामुळे नीतिशास्त्र ही तत्त्वज्ञानाची उपशाखा नसून त्याचा पाया ठरते. ही जबाबदारी परतफेडीच्या हिशेबावरही चालत नाही.

मग अडचण कुठे?

जगात आपण आणि समोरचा असे दोघेच नसतो. तिसरा माणूस आला की कोणाचे आधी ऐकायचे, हे ठरवावे लागते. त्यासाठी न्याय, कायदा आणि राज्यसंस्था लागते, हे लेव्हिनास यांनाही मान्य होते. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतमधील साब्रा आणि शातिला छावण्यांत लेबनॉनच्या सशस्त्र टोळ्यांनी पॅलेस्टिनींचे हत्याकांड केले, तेव्हा परिसराला इस्रायली लष्कराचा वेढा होता. त्यानंतर नभोवाणीवरील चर्चेत लेव्हिनास यांना विचारण्यात आले की, इस्रायलींसाठी ‘दुसरा’ म्हणजे सर्वप्रथम पॅलेस्टिनीच नव्हे का? इस्रायललाही नैतिक जबाबदारी टाळता येणार नाही, असे त्यांनी त्या चर्चेत मान्य केले. पण या प्रश्नाचे थेट उत्तर त्यांनी दिले नाही. ‘दुसरा’ म्हणजे शेजारी, तो आप्तही असू शकतो आणि दुसऱ्यांत शत्रूही सापडू शकतो, असा त्यांचा रोख होता. ज्युडिथ बटलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर टीका केली आहे.

म्हणून विचारच टाकाऊ ठरतो का?

नाही. लेव्हिनास यांचे ते उत्तर अपुरे होते, हे कळते तेच मुळी त्यांनी दिलेल्या निकषामुळे. शत्रू असतात, सीमा असतात आणि राज्यांना कठोर निर्णयही घ्यावे लागतात. पण ‘तो आपला नाही’ एवढ्या एका वाक्यावर कोणाचे मरण हिशेबातून वगळता येत नाही. छावणीतील निर्वासितांची मोजदाद करणाऱ्या प्रत्येक सरकारला, आणि ती आकडेवारी वाचून पान उलटणाऱ्या आपल्यालाही, हे लागू आहे.