मुलांना ग्रामसभेला बसू द्या



निवडणूक आली की शाळेतल्या मुलांना लोकशाहीतली एकच गोष्ट कळते, ती म्हणजे सुट्टी! वर्गाचे मतदान केंद्र होते, बाके व्हरांड्यात जातात, गुरुजी-बाई निवडणुकीच्या कामाला आणि मुले घरी. मग दोन दिवसांनी त्याच खोलीत प्रश्न येतो, 'सरपंचाची कामे लिहा.' मुले लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात.

माझी सगळी नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून या विषयावर दोन शब्द लिहितो आहे.

या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे जून २०२२ मध्ये आठवीत गेलेले मूल २०२५ ला दहावी होऊन बाहेर पडले, तरी त्याला निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य दिसला नाही. पुस्तकात मात्र तो होता! अशा वेळी मुलांना पुस्तक खरे वाटावे तरी कसे?

आणि हे घडले कुठे? जिथे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले तिथे! वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे तंटे मिटत, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागत. गावचा कारभार गावाने पाहायचा, हा धडा आपल्या आजोबांनी पुस्तकाशिवाय गिरवला. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण पुढे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १ मे १९६२ ला, राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एवढा वारसा असून आपण मुलांना फक्त व्याख्या पाठ करायला लावतो.

पुष्कळ शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. हौस म्हणून ठीक आहे. पण त्यातल्या 'आरोग्यमंत्र्या'ला मुतारीत पाणी का येत नाही, हे विचारायची सोय नसते. ज्या पदाला प्रश्न विचारता येत नाही, त्याने मिरवण्यापलीकडे काय शिकावे?

माझे म्हणणे साधे आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले की मुले खाऊ घेऊन घरी जातात. पुष्कळ गावांत त्याच दिवशी ग्रामसभा असते. आठवी ते दहावीच्या मुलांना तिथे मागे बसू द्या. मत नको, ठराव नको, नुसते ऐकू द्या. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल तेवढे लागतात. मुलांनी डोकी मोजावीत. सभा तहकूब झाली तर का झाली, ते घरी जेवताना वडिलांना विचारावे!

दुसरे म्हणजे गणिताच्या तासाला पंचायतीचे अंदाजपत्रक आणा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी गावांना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. शेकडेवारी आठवीच्या मुलाला येते. आपल्या गावाला किती आले, त्यातले पाण्यावर किती गेले, हे त्याला वहीत मांडता येईल. ग्रामसभेआधी बालसभा घ्यावी अशी सूचना पंचायतींना आहेच. मुलांनी तिथे एकच प्रश्न लेखी द्यावा आणि त्याचे उत्तरही लेखीच मागावे.

यावर 'शाळेत राजकारण शिरेल' असे म्हणणारे भेटतात. त्यांची भीती खोटी नाही. आपल्याकडे कारखाना, सोसायटी, भावकी, गट, सगळे एकात एक गुंतलेले. एखाद्याचा चुलता सरपंच असतो, तर शेजारच्या बाकावरच्याचा मामा विरोधात. पण मंडळी, गटाचे राजकारण मुले घरी रोज ऐकतातच. हिशेब मागायचा कसा, हे मात्र त्यांना घरी कोणी शिकवत नाही. ते शाळेने शिकवावे. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हा प्रश्न कुठल्याच गटाचा नसतो.

मतदानाला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रश्न विचारायला तशी अट नाही. चौदाव्या वर्षी ज्याने पंचायतीला एक प्रश्न विचारून उत्तर मिळवले, तो अठराव्या वर्षी पाकीट घेऊन मत देईल असे मला वाटत नाही.

तुमच्या गावात कोणी असा प्रयोग केला असेल तर जरूर कळवा. आणि घरात आठवी-नववीतले नातवंड असेल तर पुढच्या ग्रामसभेला त्याला सोबत घेऊन जा.