निवटीची नोंद नीट करा

खाडीकाठच्या गावांत निवटी माहीत नाही असा माणूस विरळाच. ओहोटीला चिखल उघडा पडला की वर येणारा आणि चाहूल लागताच बिळात शिरणारा हा मासा. पण ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही उघडावी, तर माझ्या पाहण्यातल्या दोन-तीन गावांत 'निवटी – चिखलातला मासा' एवढीच ओळ!

एवढ्याने भागत नाही. आपण सरसकट निवटी म्हणतो त्यात निदान दोन प्रजाती आहेत. बोलिऑफ्थॅल्मस ही मोठी, अंगावर निळसर ठिपक्यांची. डोके डावीउजवीकडे हलवत ती ओला चिखल खरवडते आणि त्यावरचे सूक्ष्म शेवाळ खाते. दुसरी पेरिऑफ्थॅल्मस, लहानखुरी. ती किडे, बारके खेकडे धरते, तिवरांच्या मुळांवरही चढते.

बोलिऑफ्थॅल्मसच्या आज सहा जाती मानतात. १९८९ मध्ये एडवर्ड मर्डी यांनी पाच ठरवल्या, सहावी २०१३ मध्ये न्यू गिनीतून आली. चीन-जपानची जात निराळी, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या निराळ्या. आपली डसुमिएरी. तिचे वर्णन १८३७ साली वालांसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने केले, तेही मुंबईच्या माशांवरून. इराणच्या आखातापासून पाकिस्तान, गुजरात ते आपला किनारा, हा तिचा मुख्य पट्टा. पूर्वी ती गोबी कुळात होती, आता ऑक्सुडर्सिडी कुळात घालतात. कुळांच्या या अदलाबदलीने आपले काही अडत नाही.

अडते ते जागेपाशी. तिला भरती-ओहोटीचा उघडा चिखलच लागतो. मी शेतीखात्याचा माणूस, खारभूमीच्या बांधांना माझा विरोध नाही. बांध फुटून खारे पाणी शिरले की भाताचे काय होते, ते पंचनाम्यात आम्हीच लिहितो. पण बांधाबाहेरचा चिखलही 'पडीक' ठरवून भरावाला मोकळा सोडायचा, हे काही पटत नाही. त्याच चिखलात निवट्या धरून बायामाणसं बाजारात चार पैसे करतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाच्या समितीला नोंदवही ठेवण्याचे काम दिले आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी त्यात खाडीचा कोणता भाग, मोठी ठिपक्यांची की लहान, कोणत्या महिन्यांत मिळते, कोण धरते, हे लिहावे. ठिपके दिसतील असा मोबाइलवर फोटो काढावा. भरावाचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत दाखवायला कागद लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला एक फेरी मारा, आणि निवट्या धरणाऱ्या बायांना बरोबर घ्या. कुठे काय मिळतं ते त्याच सांगतील.