मुकादमाची वही

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शाळेतील चौथीचा एक मुलगा लागोपाठ पाच दिवस वर्गात दिसला नाही, म्हणून सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. पोरगा मायजवळ बसून कातरीने पत्ता कापीत होता. मायच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा. आम्हांला पाहून ती उठू लागली, तिला आम्ही बसविले व विचारले, पोराला शाळेत का पाठवीत नाही? ती म्हणाली, “गुरुजी, पत्ता सडका भेटला जी. हजाराचा पत्ता देला म्हणते, पण आठशेच्या वर बिडी निघत नाही. बाकीचा पत्ता बाजारातून घ्या, नाहीतं मजुरी कापून घ्या. वरून छाट वेगळी. पोरगा हाताशी नसला तं पुरं कसं होईल?”

हे गाऱ्हाणे ह्या भागात नवे नाही. परंतु तिने पुढे मुकादमाचे नाव सांगितले तेव्हा आमची मान खाली गेली. तो तिच्याच भाऊकीतला, आणि आमच्याच शाळेचा विद्यार्थी. शेकडेवारी व त्रैराशिक आम्हीच त्याला शिकविले. त्या त्रैराशिकाचा उपयोग तो आता चुलतीच्या बिड्यांतून छाट काढण्यासाठी करीत होता.

शेटजी-भटजींनी बहुजनसमाजाला नाडले हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. ते खरेच आहे. पण वही शेटजीच्या हातातून सुटून आपल्या माणसाच्या हाती आली की तिच्यातील आकडे आपोआप खरे होतात, ही समजूत मात्र आम्हांस कधीच पटली नाही. म्हणून मुकादम कोणी व्हावे व कसे वागावे ह्याविषयी आज चार शब्द लिहितो. ह्या कामी आम्ही ख्रिस्ती लोकांच्या बायबलातील काही कथांचा आधार घेणार आहोत, तेव्हा काही वाचक भुवया उंचावतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८९१ साली त्यांच्या मागे छापल्या गेलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एकाच कुटुंबातील माणसे आपापल्या पसंतीचा धर्म घेऊन गुण्यागोविंदाने नांदत असल्याचे चित्र रंगविले. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे हे सारे पुस्तक मराठीत आणण्यात घालविली. चांगली गोष्ट कोणाच्या घरची आहे हे विचारून ती सोडून देणे हा शहाणपणा नव्हे.

इस्राएल लोक मिसर देशात वेठबिगार होते. राजाच्या इमारतींसाठी विटा पाडणे हे त्यांचे काम. मातीत घालावयाचे तणीस सरकारातून मिळे. लोक सुटीची भाषा बोलू लागले तेव्हा राजा चिडला व त्याने हुकूम काढला, की आजपासून तणीस मिळणार नाही, ते ज्याने त्याने रानातून आणावे, पण विटांच्या रोजच्या संख्येत एकही वीट कमी होता कामा नये. वाचकहो, ह्यात आणि सडका पत्ता देऊन पुरे हजार मागण्यात काय फरक आहे? तीन हजार वर्षांपूर्वीची विट आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातील बिडी, दोहोंचा हिशेब एकच.

पण त्या कथेत आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच माणसांकडे. राजाच्या अधिकाऱ्यांनी विटांच्या कामावर जे मुकादम नेमले होते ते इस्राएली लोकांतलेच होते. संख्या भरली नाही की पहिला चाबूक त्यांच्याच पाठीवर पडे. तो मार त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांवर उलटविला असता तर जगाला त्यात काही नवल वाटले नसते. तसे न करता ते थेट राजापुढे जाऊन उभे राहिले व म्हणाले, की तणीस तुम्ही देत नाही, विटा मागता, आणि मार आम्ही खातो, दोष तुमच्या माणसांचा आहे. राजाने त्यांना आळशी म्हणून हाकलून दिले हे खरे, आणि मग त्यांनी आपला राग मोशावर काढला हेही खरे. माणसेच ती. तरी मुकादमाने तोंड कोणत्या दिशेला करून उभे राहावे हे त्यांना ठाऊक होते.

पुढे लोक सुटले, आणि मोशे हाच त्यांचा पुढारी झाला. सकाळपासून सायंकाळपर्यंत तो एकटाच बसून सगळ्यांचे तंटे तोडी. त्याचा सासरा इथ्रो हा मिद्यान देशाचा पुजारी, म्हणजे दुसऱ्या मुलखाचा, दुसऱ्या उपासनेचा माणूस. तो जावयाला भेटावयास आला, ही दगदग त्याने पाहिली आणि सांगितले, की अशाने तूही खचशील आणि लोकही खचतील, दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर, हजारांवर माणसे नेम. ती कशी असावीत हेही त्याने सांगितले: कामाला लायक, देवाला भिणारी, सचोटीची आणि लाचेचा तिटकारा असलेली. बड्या घराण्याची असावीत, मोशाच्या भाऊकीतली असावीत, लिहिण्यावाचण्यात पटाईत असावीत, असले काही ह्या यादीत नाही. शाळामास्तर असूनही हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण चार बुके शिकलेल्यालाच वही द्यावी हा आग्रह गावात आम्हीच धरीत आलो, आणि त्याचे फळ वर सांगितलेच आहे. परधर्मी सासऱ्याचा हा सल्ला मोशाने निमूट ऐकला. बायबल वाचून आपण बाटू अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी ह्याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट शमुवेलाची. हा म्हातारा न्यायाधीश अधिकार सोडताना सगळ्या लोकांपुढे उभा राहिला व त्याने विचारले, की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला नाडले, कोणाच्या हातची लाच खाल्ली, ते आत्ता सांगा, मी भरून देतो. कोणाचेही काही निघाले नाही. आमच्याकडील किती सोसायट्यांचे अध्यक्ष, किती सरपंच, किती मेट जाताना असे विचारतील? पण ह्याच शमुवेलाने म्हातारपणी आपल्या दोन मुलांना न्यायाधीश करून ठेवले होते, आणि ती पोरे पैशाच्या मागे लागून लाच खात. बाप निर्मळ होता म्हणून लेकाला जागा दिली आणि लेकाने बापाचे नाव घालविले. असले प्रकार आमच्या वाचकांनी आपापल्या गावी पाहिले असतीलच, नावे घेण्याची जरूर नाही.

तिसरी गोष्ट नहेम्याची, आणि आम्हांस ती सर्वांत जवळची वाटते. यरुशलेम शहराचा कोट बांधण्याचे काम चालू असताना गरीब लोकांनी ओरड केली, की आम्ही शेते गहाण टाकली, मळे गहाण टाकले, आता पोटच्या मुली दासी झाल्या, आणि घेणारे आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्या तेथला सुभेदार होता. तो संतापला, त्याने मोठमोठ्या लोकांना जमवून झाडले. पण बोलताना मी व माझी माणसेही पैसे व धान्य कर्जाऊ देत आहोत, हे त्याने आपल्याच तोंडाने सांगितले, आणि हे व्याज आपण सर्वांनी सोडून देऊ म्हणाला. सावकारांकडून शपथ घेवविली आणि आपल्या अंगरख्याचा ओचा सर्वांसमक्ष झटकून दाखविला, की जो शपथ मोडील तो असाच झटकला जाईल. सुभेदाराला रयतेकडून खाण्यापिण्याचा खर्च घेण्याचा हक्क होता. बारा वर्षे त्याने तो घेतला नाही, लोकांवर आधीच बोजा फार आहे म्हणून. हक्काचे आहे तेही न घेणे, ही गोष्ट कायद्याने कोणाकडून करविता येत नाही.

ह्याच पुस्तकात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असेही लिहिलेले आहे, आणि अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी तेवढाच भाग आपल्या फायद्यासाठी वर्षानुवर्षे वाचून दाखविला. तेव्हा सारेच डोळे मिटून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. पोथी कोणतीही असो, दाणे घ्यावेत आणि फोल पाखडून टाकावे, हे सूप हाती घेणाऱ्या बाईला आम्ही शिकवावयास नको.

आता कोणी म्हणेल की ह्या जुन्या कथा झाल्या. तर आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. मुंबईच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे मजुरापेक्षा एक पायरी वर, मालकाच्या जवळ. त्यांना स्वस्थ बसता आले असते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेला ‘दीनबंधु’ त्यांनी १८८० साली हाती घेतला, आणि १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, अपघातात जायबंदी झालेल्याची सोय, आणि गेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. शेवटच्या मागणीकडे पाहा. केलेल्या कामाचा पैसा निदान पंधरा दिवसांत द्या, एवढे मागण्यासाठी साडेपाच हजार माणसांना सह्या कराव्या लागल्या! मोशाच्या नियमशास्त्रात मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा असे सांगितले आहे, कारण तो गरीब असतो व त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. सहा वर्षे झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. त्याआधी एप्रिलात मुंबईस भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार होते आणि दोन स्त्रियाही बोलल्या होत्या. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार म्हणून आपल्या लोकांना गोड वाटला. बायबलातील विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत चाकर, दासी, परका, बैल आणि गाढव ह्या सर्वांची नावे आहेत. आपल्या बैलाला पोळा वर्षातून एकदाच येतो. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगात वारले. गिरणीची नोकरी सांभाळून राहिले असते तर कोणी त्यांना नाव ठेवले नसते, आणि कोणी आठवलेही नसते.

बिडीच्या धंद्यात कायदे झाले नाहीत असे नाही. मध्यप्रांत सरकारने १९३७ साली कारखाने कायद्याबाहेरच्या कामाच्या जागांसाठी कायदा केला, त्यात बिडीचे कारखाने होते. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, कारण कारखाने कायदा चुकविण्यासाठी मालक आपल्या कामाचे लहान लहान तुकडे पाडीत होते. त्या कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, छाटीला नियमांनी मर्यादा घातली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे २०२० च्या नव्या संहितेत तो सामावून घेतला गेला. पण गोंदियाचा काय, तिरोड्याचा काय, तुमसर-साकोलीचा काय, बिडी वळणाऱ्या बाईला कायदा दिसतो तो सट्टेदाराच्या व मुकादमाच्या रूपाने. तेंदूपत्ता तोलताना एक माप आणि बिड्या मोजताना दुसरे, मग दिल्लीत कितीही कलमे लिहा. थैलीत दोन वजने, एक जड व एक हलके, बाळगू नये असे त्या जुन्या शास्त्रातही सांगावे लागले, म्हणजे हा रोग किती जुना आहे ते पाहा. मोहाडी-आंधळगावचे कोष्टी, भंडाऱ्याचे पितळेचे कारागीर, चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवरचे मजूर ह्यांना मापाच्या गोष्टी निराळ्या शब्दांत ठाऊक आहेतच.

त्या मुकादमाकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. रागाने गेलो होतो हे कबूल केले पाहिजे. त्याने पाय धरले, चहा मांडला, आणि आम्ही बोलू लागताच म्हणाला, “गुरुजी, छाट वरूनच ठरून येते. मी नाही काढली तं माझ्या कमिशनातून जाते. माझीबी दोन पोरं आहेत जी.” तेव्हा आमच्या ध्यानात आले की मार ह्याच्याही पाठीवर आहे. त्याने तो चुलतीच्या पाठीवर दिला, एवढेच.

आम्ही त्याला एकच मागणे केले. वहीत चार रकाने जास्त पाड: पत्ता किती तोलून दिला, त्यातला सडका किती निघाला, छाट किती, आणि छाटीचे कारण काय. शिवाय छाटलेली बिडी मालकाकडे जाऊ न देता बाईसमोर मोड. छाट म्हणून पैसे कापायचे आणि तीच बिडी ठेवून घ्यायची, ह्याला आमच्या व्याकरणात चोरी हाच शब्द आहे. आणि दर शनिवारी सायंकाळी चावडीच्या ओट्यावर वही मोठ्याने वाच. तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, वाचीन, पण तुम्ही बाजूला बसा.

तीन शनिवार झाले. पहिल्या दिवशी सहा बाया आल्या, तिसऱ्या दिवशी ओटा पुरला नाही. वाचताना त्याची जीभ अडखळते, विशेषतः सडक्या पत्त्याच्या रकान्यावर, कारण तो आकडा सट्टेदाराला आवडणारा नाही. एका बाईने तिच्या नावापुढची छाट चुकीची आहे म्हणून हरकत घेतली, मोजून पाहिले तर चूक तिचीच निघाली, आणि त्या दिवसापासून इतर बायांचा त्याच्यावर भरवसा वाढला, कमी झाला नाही. चौथीचा तो मुलगा आता शाळेत येतो. शनिवारी मुकादमाचे अक्षर लागले नाही की तोच वाचून दाखवितो.

सट्टेदाराच्या कानावर ही गोष्ट गेली आहे. मुकादम बदलू असा निरोप त्याने धाडला. त्यावर बावीस घरांनी ठरविले आहे की मुकादम बदलला तर बिड्या नव्या माणसाच्या हाती द्यायच्या नाहीत. हा ठराव किती दिवस टिकेल हे आम्ही सांगू शकत नाही, घरात मीठ-मिरची आणावयाची असते. येत्या शनिवारी सट्टेदार स्वतः गावात येणार आहे. वही वाचली जाईल, आणि आम्ही ओट्यावर असू.