भीतीचे बळी अधिक


हुकूमशाहीचे मूळ हाव, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे अर्धेच पटते. शेक्सपिअरचा मॅकबेथ डंकनचा खून करतो तो मुकुटाच्या लोभाने. पण बँकोवर मारेकरी घालतो, मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल करवतो, ते मिळालेला मुकुट जाईल या धास्तीने. स्टालिनचेही तेच. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या १९३४च्या अधिवेशनाने निवडलेल्या केंद्रीय समितीतील १३९ सदस्य व उमेदवार सदस्यांपैकी ९८ जणांना पुढे अटक करून गोळ्या घातल्या, असे त्याच पक्षाचे पुढचे नेते ख्रुश्चेव्ह यांनीच १९५६मध्ये सांगितले. एवढी सत्ता हाती असताना आणखी मिळवायचे काय उरले होते? हावेला कधीतरी पोटभर मिळते, संशयाला कधीच नाही. म्हणून सत्तेला मुदत हवी आणि जाब विचारणारी न्यायालयेही हवीत.

— एक वाचक, सातारा