पाहुणचाराला किंमत नव्हती


‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातील पाहुणा कथा सांगून जेवणाची किंमत चुकवतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. राजा अल्किनूस काव्याचा नायक ओडिसिअस याला जेवू घालतो, मायदेशी पोहोचवण्याचे वचन देतो आणि नाव विचारतो ते आठव्या सर्गाच्या अखेरीस! डुकरे राखणारा युमेअस तर मला त्या राजाहून थोर वाटतो. भटके लोक पोटासाठी खोटे बोलतात, हे तो पाहुणा म्हणून आलेल्या ओडिसिअसला तोंडावर सांगतो. त्याच्याकडे पांघरुणासाठी ओडिसिअस गोष्ट रचतो, हे खरे. पण जेवण त्याआधीच वाढलेले असते. शिवाय पंधराव्या सर्गात यजमान युमेअसच आपली कहाणी सांगतो: राजपुत्र असताना फिनिशियन व्यापाऱ्यांनी पळवून विकल्याची. ती त्याने कशाच्या बदल्यात सांगितली, हे पत्रलेखकांनी जरूर कळवावे.

– एक वाचक, पुणे