वाण ठरवताना बाई कुठं असते?

गेल्या माघात सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक झालीच नाही. सगळ्या जणी ज्वारी काढायला रानात. मीही गेले. तासाभरात तळहाताला फोड आले. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात, हे एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नवं वाण काढणाऱ्या सायबाला एक दिस ह्या पातीला लावा की, ताई."

सरकारी पीक-संशोधन आधुनिक करा, या मागणीशी मी सहमत आहे. पण आधुनिक म्हणजे काय, आणि कुणासाठी?

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. 'हायब्रीड'ने टंचाईत अनेक चुली पेटत्या ठेवल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. कणसं पावसात सापडली की दाणा काळा. भाकरीला चव नाही आणि बी दरवर्षी विकत! पोत्यांचा हिशेब झाला; भाकरीचा आणि वैरणीचा राहिला. तो हिशेब ठेवते बाई, आणि तिला विचारतो कोण?

म्हणूनच १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी रब्बीत अजून टिकून आहे. भाकरी गोड, कडबा चांगला, बी घरचं. सरकारी संशोधकांनी मनावर घेतलं तर पुढचं पाऊलही पडतं. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या रानासाठी फुले अनुराधा दिलं, भारी रानासाठी फुले वसुधा. परभणीने इक्रिसॅटच्या साथीने २०१८ मध्ये जास्त लोह आणि जस्त असलेलं 'परभणी शक्ती' आणलं. रक्तक्षयाने थकलेल्या बायकांसाठी ही छोटी गोष्ट नाही. कंपन्या हे काम करतील या भ्रमात राहू नका. जे बी बाई पुढच्या पेरणीला घरातूनच काढते, त्यात त्यांना धंदा नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, प्रयोगशाळा नकोच, देशी बियाणं पुरे. देशी बियाणं जपायलाच हवं. राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री त्यासाठीच मिळाला. पण बायकांनी बी जपायचं आणि सरकारने हात झटकायचे, ही वाटणी मला मान्य नाही. खोडमाशी आणि कोरडा पडणारा हंगाम यांच्याशी एकट्या बाईने का झुंजावं?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली. रेशन घेताना प्रमुख, मग वाण ठरवताना ती कुठं?

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. वाणाच्या चाचण्या बायकांच्या रानात व्हाव्यात. उपटायला किती जड, मळायला कशी, भाकरी कशी, कडबा किती, हे निकष उताऱ्याच्या बरोबरीने कागदावर यावेत. त्यांची पसंती नोंदवल्याशिवाय वाण प्रसारित होऊ नये. विद्यापीठांतली रिकामी पदं भरावीत, सार्वजनिक पैसा वाढावा. आणि ही ज्वारी रेशनवर मिळावी.

पुढच्या शिवारफेरीला खुर्च्यांमागे उभ्या राहू नका. पुढे बसा आणि विचारा: साहेब, ही ज्वारी उपटून पाहिलीत का?